महाराजांची सही: लालबाग ते ठाकूरद्वार, चार दिवस

आमच्या गावच्या वाचनालयात एका संध्याकाळी ठराव झाला की संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आपल्या माजी महाराजांचा लेखी पाठिंबा मिळवायचा, आणि त्यासाठी तिघांनी मुंबईला जायचं. माझा पहिला मुंबईप्रवास असा ठरला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, कोल्हापूरला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होते आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. आज नव्वदीकडे झुकले आहे. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही ती गोष्ट सारखी सांगता, ब्लॉगवर लिहा की. लोक हल्ली जुनी मुंबई बघायला मुद्दाम जातात." म्हणून लिहिते. जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असंही काही आहे यात. पण मला त्या चार दिवसांत जो धक्का बसला, त्याला कुठलीच माहिती पुरत नाही.

आमचं संस्थान बावीस गावांचं. नाव लिहीत नाही, कारण त्या घराण्यातली नातवंडं आज साधी नोकरी करणारी माणसं आहेत. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी आमच्या महाराजांनी स्वतःहून प्रजेला राज्यघटना दिली होती. निवडून आलेली प्रजासभा, तीन मंत्री, आणि महाराज फक्त सही करणार. इंग्लंडच्या राजासारखं. माझे वडील, अण्णा, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि त्या तिघा मंत्र्यांपैकी एक होते. हा आमच्या घराचा केवढा मोठा अभिमान होता ते काय सांगू. संस्थान विलीन झालं, मंत्रिपद गेलं, अण्णा परत शाळेत शिकवू लागले आणि गाव त्यांना मास्तरच म्हणत राहिलं.

तर शिष्टमंडळात अण्णा, दत्तोबा शिंपी आणि अक्षर बरं म्हणून मी. दत्तोबा चळवळीतला माणूस. गावात सभा असली की सतरंज्या अंथरण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळं तोच करायचा.

पहाटेची एस.टी., मग मीटरगेजची गाडी पुण्यापर्यंत, तिथे गाडी बदलून दादर. आज कारने सात तासांत होतं ते अंतर आम्ही जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र कापत होतो. कर्जतला वडे घेतले. दत्तोबाने घाटातल्या प्रत्येक बोगद्यात "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून घेतलं, आणि दर वेळी अंधारातून कुणीतरी अनोळखी साथ दिली. मी तर हरखून गेले होते.

दादरला उतरून ट्रामने लालबाग. आणे जाऊन नवे पैसे आले होते, त्यामुळे कंडक्टरही गोंधळलेला आणि उतारूही. परळहून पुढे दोन्ही बाजूंना गिरण्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा. एका चाळीच्या तोंडाशी गोळीबारात गेलेल्या एका तरुणाचा फोटो लावला होता, त्याला ताजा हार. ट्राम तिथून जाताना ड्रायव्हरने हात कपाळाला लावला. आज तिथे उड्डाणपूल आहे आणि गिरण्यांच्या जागी काचेचे उंच टॉवर. लालबागला गेलात तर पुलाखालून चालत जा. चाळींचे थोडे जिने अजून आहेत.

आमची उतरायची सोय गावच्या खोलीत होती. प्रत्येक गावची एक खोली असायची, गिरणीतली गावची माणसं पाळीपाळीने तिथे झोपायची, आणि जेवायला एखाद्या बाईच्या खानावळीत जायची. आमच्या लोकांची खानावळ सरूबाई चालवायच्या. चाळिशीच्या, उंच, कपाळ मोकळं. एका खोलीत वीस-बावीस माणसं दोन पंगतींत जेवून जायची. ज्वारीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर गावाकडून आलेलं तिखट. मी इतकं चविष्ट कालवण आयुष्यात खाल्लं नाही.

अण्णांना बघून सरूबाई उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमी? बसा. पाट घ्या." त्यांनी अण्णांना वेगळं ताट वाढलं, भाकरीवर तूप घातलं. मला म्हणाल्या, "तुझ्या बापाकडं माझा दीर शिकला. लय सबूर माणूस."

दत्तोबाने आमचं काम सांगितलं तशा त्या वाढायच्या थांबल्या.

"कुटं ऱ्हातो त्यो?"

"ठाकूरद्वारला," दत्तोबा म्हणाला. "मुलापाशी."

"मला बी न्या."

"तुम्ही कशाला, सरूबाई?"

"माझ्या मालकाच्या अर्जावर ज्यानं सही केली, त्याचं तोंड बघायचंय. एकदाच."

ती हकीकत मला अर्धवट माहीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत संस्थानात धान्याची सक्तीची वसुली चालू होती. एका उन्हाळ्यात बापू खराटे नावाच्या माणसाने सरकारी कोठाराचं कुलूप तोडलं आणि ज्वारीची पोती वाटून टाकली. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याची छाती धरली, रक्त पडायला लागलं. बायकोने माफीचा अर्ज केला. पुढे गावात दवंडी फिरली की श्रीमंत महाराजांच्या आज्ञेने अर्ज नामंजूर. त्या थंडीत तो तुरुंगातच गेला. ती बाई म्हणजे सरूबाई. त्यानंतर त्या मुंबईला आल्या आणि गावात परत कधी गेल्या नाहीत.

"न्यायला हवं," मी पटकन म्हणाले. मला वाटलं, केवढी न्याय्य मागणी आहे. अण्णांनी तूप लावलेली भाकरी बाजूला सारली आणि पाणी प्यायले.

दुसरा दिवस मुंबई बघण्याचा. अण्णांनी मला फोर्टमध्ये नेलं. तिथे इंग्लंडचा एक राजा काळ्या घोड्यावर बसलेला होता. आता तो राणीच्या बागेत हलवलाय, बघायचा असेल तर तिथे जा, झाडं छान आहेत. त्या पुतळ्यापाशी उभं राहून अण्णांनी मला समजावून सांगितलं, जसं वर्गात सांगायचे. राजा कायदा करत नाही. मंत्री सल्ला देतात, राजा तो मानतो. त्याला वाटलं तर तो विचारू शकतो, सावध करू शकतो, फेरविचार करा म्हणू शकतो. पण शेवटी सही करायचीच. आणि आत काय बोलणं झालं ते बाहेर कधी सांगायचं नाही.

"म्हणजे लोकांना कळतच नाही की राजाला ते पटलं होतं की नव्हतं?" मी विचारलं.

"नाही. कळता कामा नये."

"मग चूक झाली तर?"

"तर जबाबदारी मंत्र्याची," अण्णा म्हणाले, आणि घोड्याच्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, दमले असतील.

संध्याकाळी परळच्या मैदानावर सभा होती. एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. शाहीर गायला लागला की बायकाही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दत्तोबाचा घसा बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. सरूबाईंनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. मध्ये एकदा ट्राम बदलून गिरगाव. तिथल्या वाड्या मला फार आवडल्या. रस्त्यावरून एक बोळ आत जातो आणि आत अख्खं गाव निघतं, देऊळ, विहीर, वाळत घातलेले पापड. अजूनही ठाकूरद्वारच्या आसपास अशा एकदोन वाड्या आहेत. सकाळी जा, देवळं उघडी असतात, आणि नाक्यावर पीयूष मिळतं.

महाराजांचा पत्ता अशाच एका वाडीतला, दुसरा मजला. दत्तोबा फेटा सारखा करत होता. दारावर पहारेकरी वगैरे असेल असं त्याला वाटत असावं. जिन्यात आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ चढत होते. धोतर, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. वर पोचल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मागे वळून पाहिलं. अण्णांनी वाकून मुजरा केला.

"मास्तर, इथं नको," ते हळूच म्हणाले. "शेजारी बघतात. या आत."

ते महाराज होते. माझ्या लहानपणी हे गृहस्थ दसऱ्याला हत्तीवरून जाताना मी पाहिलेले. गावचा राजवाडा त्यांनी शाळेला दिला हे माहीत होतं, पण म्हणून ते स्वतः दोन खोल्यांत राहत असतील, स्वतः भाजी आणत असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दत्तोबा पुन्हा फेटाच सारखा करत राहिला. शेवटी मीच निवेदन पुढे केलं.

त्यांनी भिंग घेऊन ते सगळं वाचलं. "कुणी लिहिलंय? दोन वाक्यं चुकलीत." मी खाली मान घातली. त्यांनी ती वाक्यं सुधारली, मग पेन उचलून सही केली. नाव, वडलांचं नाव, आडनाव. बस.

दत्तोबा अवघडून म्हणाला, "महाराज, वरती श्रीमंत, अधिपती, असं काही लिहिलं असतं तर लोकांवर जास्त..."

"ते पद गेलं, दत्तोबा. पद होतं तोवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सह्या केल्या. हा कागद मला स्वतःला पटलाय. म्हणून नुसतं नाव."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते मनात पाठ करत होते. तेवढ्यात सरूबाई बोलल्या. त्या अजून उंबऱ्यापाशीच उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या.

"मला वळखलं का?"

"नाही, बाई."

"बापू खराट्याची बायकू."

महाराजांनी चष्मा काढला. भिंग खाली ठेवलं. "कोठाराचं कुलूप," ते म्हणाले. एवढ्या वर्षांनी त्यांना नाव ऐकताच आठवलं होतं.

"सही का केलीसा?"

खाली वाडीत कुणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"सही माझीच आहे," महाराज म्हणाले.

"त्ये ठावं हाय. का केली, त्ये इचारतीया."

"त्याचं कारण मी सांगू शकत नाही, बाई. सही माझी आहे. दोष माझा धरा."

सरूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला आल्या होत्या, पण समोर हा मेथीवाला म्हातारा. त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. दत्तोबा त्यांच्या मागे धावला.

मी महाराजांकडे बघत होते. सबंध वेळात त्यांनी एकदाही अण्णांकडे पाहिलं नव्हतं. माणूस सहज नजर फिरवतो तेव्हा सगळ्यांवरून फिरवतो. ते मुद्दाम, जपून, अण्णांना टाळून बघत होते. आणि अण्णा जमिनीकडे. मग माझ्या डोक्यात, अगदी परीक्षेत प्रश्न पडावा तसं, एकामागून एक आलं. घटना तर त्या वेळी लागू झालेली होती. म्हणजे माफीचा निर्णय महाराजांचा नव्हताच. मंत्र्याचा होता. कुठल्या मंत्र्याचा? ज्याच्याकडे तुरुंगखातं होतं त्याचा. आणि शिक्षण आणि तुरुंग ही दोन खाती कुणाकडे होती हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ होतं. आमच्या बैठकीत मंत्रिमंडळाचा फोटो होता, खाली नावं आणि खाती लिहिलेला.

जिना उतरताना मी भिंतीला धरून उतरले.

दत्तोबा सरूबाईंना घेऊन पुढे ट्रामने गेला होता. मी अण्णांना चौपाटीवर नेलं. दुपार व्हायची होती, वाळूत फक्त काही नारळवाले आणि जाळी उकलणारे दोन कोळी होते.

"अण्णा, तेव्हा तुरुंगखातं तुमच्याकडे होतं ना?"

"हो."

मग ते सांगू लागले. अर्ज आला तेव्हा कोठारं रिकामी होत चालली होती. अण्णांना वाटलं, याला सोडलं तर उद्या प्रत्येक गावात कुलपं तुटतील, आणि ही सगळी नवी लोकशाही आठ दिवसांत कोसळेल. त्यांनी फाइलवर लिहिलं, अर्ज फेटाळावा. महाराजांनी फाइल परत पाठवली, वर लिहून की माणूस आजारी आहे, फेरविचार करावा. अण्णांनी पुन्हा तेच लिहिलं. फाइल पुन्हा परत आली. त्या वेळी अण्णांनी तिसऱ्यांदा तेच लिहिलं, फाइल घेऊन स्वतः राजवाड्यावर गेले आणि महाराजांना घटना समजावून सांगितली. आपण हे नाकारलंत तर मग प्रजेचं राज्य हे नाटकच ठरेल, म्हणाले. तिसऱ्या वेळी महाराजांनी सही केली.

"ते मला म्हणाले होते, मास्तर, हा माणूस मरेल," अण्णा म्हणाले.

"आणि दवंडीत महाराजांचं नाव."

"आज्ञा त्यांच्याच नावाने निघायची. कायदा तसाच होता."

"काल तुम्ही मला म्हणालात की जबाबदारी मंत्र्याची."

मी या माणसाच्या मांडीवर बसून वाचायला शिकले होते. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं ते मला दिसत होतं, आणि एरवी मी लगेच सुईदोरा शोधला असता.

"तुम्ही तिला सांगेपर्यंत मी तिच्या हातचं जेवणार नाही," मी म्हणाले. माझ्या तोंडून वडलांशी असं काही निघेल हेही मला नवीनच होतं.

लालबागला पोचलो तेव्हा दुपारची पाळी गेली होती. खानावळीत दत्तोबा एकटाच जेवत होता. सरूबाईंनी आमची ताटं घेतली. अण्णा बसले नाहीत.

"सरूबाई, तो अर्ज मी नामंजूर केला. महाराजांनी नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. अण्णांनी सगळं पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत, काही न वगळता. दत्तोबाचा घास हातातच राहिला. तो मध्येच म्हणाला, "पण मास्तर, मंत्री तिघं होते, निर्णय तिघांचा..."

"खातं माझं होतं, दत्तोबा."

सरूबाईंनी हात पुसले. आवाज चढवला नाही.

"त्यांनी दोनदा माघारी धाडलं?"

"हो."

"आन् तुमी परत लिवलं."

"हो."

"मंजी तीन येळा." त्यांनी तीन बोटं मोजली. "एकदा माणूस रागात लिवतो. तुमी तीन येळा लिवलं."

अण्णांनी मान हलवली.

"तेरा-चौदा वर्सं मी रोज त्या म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडली. आन् परवा तुमच्या भाकरीवर तूप घातलं." त्यांनी ताट उचललं, त्यातली भाकरी परत टोपलीत ठेवली. "उठा मास्तर. हितं लालबागात ऱ्हाऊ नका."

आम्ही गावच्या खोलीवरून सामान उचललं. दत्तोबाच्या एका नातेवाइकाकडे दादरला गेलो. त्या रात्री कुणीच जेवलं नाही. अण्णा खिडकीशी बसून राहिले आणि मी त्यांच्याशी बोलले नाही. याचं मला आज वाईट वाटतं का? थोडं. पण तेव्हा मला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

चौथ्या दिवशी आमची परतीची गाडी दुपारची. सकाळीच लालबागहून एक गिरणीवाला निरोप घेऊन आला. सरूबाईंनी सांगितलं होतं, पोरीला धाडा, मला तो जिना एकटीला सापडायचा नाही.

मी गेले. ट्राममध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या. वाडीतल्या देवळासमोर थांबून नमस्कार केला. महाराजांनीच दार उघडलं.

"मास्तरांनी सांगितलं," सरूबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं काहीतरी होईल. ते चिडले. खरोखर चिडले.

"त्यांनी सांगायला नको होतं. हे ठरलेलं होतं. बाई, राजा असतो कशासाठी? राग कुणावर तरी साठावा आणि राज्य चालू राहावं म्हणून. तुमचा राग मास्तरांवर गेला असता तर गावाने त्या वेळी मंत्रिमंडळ उलथलं असतं. तो माझ्यावर राहिला, काय बिघडलं?"

"माझं बिघडलं," सरूबाई म्हणाल्या. "राग कुणावर धरायचा ह्ये माणसाला ठावं असाया पायजे. तुमी दोघांनी मिळून मला येडं केलंसा."

महाराज खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. एकदाच. गादी सोडून. आणि गादी तर पुढे चार वर्षांत तशीही गेली."

"त्ये तवा सुचलं हुतं का?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं, आणि मला वाटतं मी त्या खोट्यावर विश्वासही ठेवला असता.

"सुचलं होतं," ते म्हणाले.

कालपासून मी मनात एक वाईट आणि एक थोर माणूस मांडून ठेवला होता. त्या एका शब्दाने ती मांडामांड गेली. सरूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं केलंसा सांगितलं," म्हणाल्या आणि निघाल्या. शिवी नाही, नमस्कारही नाही. ट्रामच्या थांब्यावर त्यांनी मला कागदात बांधलेल्या दोन भाकऱ्या दिल्या. "तुला हायत. तुझ्या बापाला न्हाईत."

परतीच्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. दत्तोबाने घाटात एकही घोषणा दिली नाही.

गावी पोचल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते असं, की सगळी हकीकत एका कागदावर लिहून खाली स्वतःचं नाव घालून वाचनालयाच्या फळ्यावर लावली. कुणीतरी तो कागद फाडला. त्यांनी दुसरा लावला. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, मास्तर मोठ्या मनाचे. काही म्हणाले, त्या बाईने विचारलं नसतं तर बोलले असते का? हा दुसरा प्रश्न मला कायम खरा वाटला. खराटे भावकीने अण्णांशी बोलणं टाकलं. महाराजांचं निवेदन साध्या नावाने छापलं गेलं, त्याचा किती उपयोग झाला देव जाणे, पण राज्य मुंबईसकट झालं तेव्हा दत्तोबाने सबंध पेठेत साखर वाटली आणि अण्णांच्या हातावरही ठेवली.

मी पुढे तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपती, राज्यपाल, इंग्लंडची राणी हा धडा दरवर्षी यायचा. सगळा कारभार एकाच्या नावाने आणि दुसऱ्याच्या सल्ल्याने चालतो, हे पुस्तकात आहे तसं मी शिकवायची. ते चूक नाही. एका माणसाच्या मर्जीवर राज्य चालण्यापेक्षा ते हजारपटीने बरं आहे, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. फक्त मुलांना मी एक जास्तीचा प्रश्न घालायची, गुणांशिवायचा. सल्ला देणारा एक, सही करणारा एक. ज्याच्याबद्दल तो कागद आहे तो विचारायला आला, तर त्याने कोणाचं दार वाजवायचं? मुलं वेगवेगळी उत्तरं लिहायची. मला स्वतःला अजून नीट लिहिता येणार नाही.

अण्णा गेले त्या वर्षी मी मुंबईला परीक्षेच्या पेपरांसाठी गेले होते. लालबागला उतरले, खानावळ शोधली. सरूबाई थकल्या होत्या, पण पंगत चालू होती. त्यांनी मला ओळखलं, पाट दिला. दोन भाकऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर गेलं म्हनं."

"हो. सहा महिने झाले."

"शेवटी शेवटी झोप लागायची का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडून आल्यापासून कधीच नीट लागली नाही."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग माझ्या ताटात भात वाढला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.